फणसाचा ‘जॅक’ कोण?

मूळ शब्द : मल्याळममधला ‘चक्का’, म्हणजे फणस. पोर्तुगीज १४९८ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या तोंडी ‘चक्का’चा ‘जाका’ झाला, आणि इंग्रजीने तो ‘जॅक’ म्हणून उचलला. ‘फ्रूट’ ही पुढची जोड. जॅक या इंग्रजी व्यक्तिनामाशी त्याचा काहीही संबंध नाही.

गोव्याचा दुवा : पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात ‘जाका’चे वर्णन आहे. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक.

मराठी नाव : संस्कृत ‘पनस’वरून फणस. ‘चक्का’शी नाते नाही.

शास्त्रीय नाव : आर्टोकार्पस हेटेरोफायलस. ग्रीक ‘आर्टोस’ म्हणजे पाव, ‘कार्पोस’ म्हणजे फळ. ‘हेटेरोफायलस’ म्हणजे वेगवेगळ्या पानांचा. रोपाची कोवळी पाने अनेकदा खाचांची असतात, मोठ्या झाडाची अखंड. हा फरक कोकणातल्या कुठल्याही परसात पाहता येतो.

गल्लत नको : भाजी-कापांचा नीरफणस म्हणजे ब्रेडफ्रूट. त्याच प्रजातीतला, पण जाती वेगळी. कापा आणि बरका मात्र एकाच फणसाचे प्रकार : कापा करकरीत, बरका मऊ, रसाळ.

फळाची रचना : एक फणस म्हणजे शेकडो फुलांचा एकजीव झालेला फुलोरा. प्रत्येक गरा एका फुलाचा, आत आठळी. गऱ्यांभोवतीचे चिवट तंतू ही न फळलेली फुले.

कूळ : वड, उंबर, अंजीर आणि तुतीचे.

आणखी दोन : ‘मँगो’ आणि ‘टीक’ (साग) हेही मल्याळममधून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेलेले शब्द.