गोव्यातल्या मुरगावच्या नावाची विनाशिका
‘आयएनएस मुरगाव’ मुंबईच्या माझगाव गोदीत घडली. जून २०१५मध्ये कणा बसला, सप्टेंबर २०१६मध्ये जलावतरण झाले. खरा वेळखाऊ टप्पा त्यापुढचा: यंत्रे, रडार, क्षेपणास्त्रे बसवून त्यांची एकमेकांशी सांगड घालण्याचा. पहिली सागरी चाचणी १९ डिसेंबर २०२१ रोजी झाली. गोवामुक्तीला त्या दिवशी साठ वर्षे होत होती, हे विशेष! १८ डिसेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली.
लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. चार गॅस टर्बाइनांच्या बळावर वेग ताशी ३० सागरी मैलांहून अधिक.
मे २०२३मध्ये तिच्या पहिल्याच ‘ब्रह्मोस’ने अचूक लक्ष्यभेद केला. डिसेंबरात ‘केम प्लूटो’ या व्यापारी जहाजावरील हल्ल्यानंतर नौदलाने तिला अरबी समुद्रात गस्तीला धाडले.