पोथी, पान आणि वाचनयंत्र

प्रवरातीरी नेवासा येथे, पैस खांबाच्या सान्निध्यात, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले व सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले, अशी परंपरा आहे. तोच ग्रंथ आज लहानशा वहीएवढ्या विद्युत्पाटीवर वाचता येतो. या पाटीस मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. 'ई-वाचक' हा शब्द सुचविला जातो. परंतु मराठीत वाचक म्हणजे वाचणारा मनुष्य होय, साधन नव्हे. 'वाचनयंत्र' हा शब्द त्या मानाने निर्दोष आहे. लोकव्यवहारात मात्र, वनस्पती तुपास 'डालडा' म्हणण्याची रीत पडली त्याप्रमाणे, 'किंडल' हे एका बनावटीचे नावच सामान्यनाम होऊ पाहत आहे.

जुने शब्द सहसा मरत नाहीत, ते आशय बदलतात. 'पुस्तिका' या संस्कृत शब्दापासून 'पोथी' आला. 'पर्ण' या शब्दापासून 'पान'. यंत्रात पर्ण नाही, कागद नाही, तरीही वाचक पान 'उलटतो'च. या पानाची घडण निराळी आहे. पडद्याखालील अतिसूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे विद्युद्भारित कण असतात. विद्युत्क्षेत्र बदलताच ते वर वा खाली सरकतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. ती लागते पान बदलताना, आणि यंत्रास स्वतःचा दिवा असेल तर त्यासाठी. म्हणून एकदा विजेरी भरली की ती पुष्कळ दिवस पुरते.

अक्षर मोठे करता येणे, हा वृद्ध वाचकांस सर्वांत मोठा लाभ होय. मात्र पानाचे केवळ छायाचित्र साठविले असेल, तर अक्षर वाढविताच ओळ पडद्याबाहेर जाते. मजकूर अक्षरशः नोंदलेला असेल तर ओळी नव्याने जुळतात. पण मग ओवीचे चरण भलत्याच जागी तुटतात व पृष्ठांकास अर्थ उरत नाही. ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय व ओवी यांच्या क्रमांकाने देतात, म्हणून येथे फारशी अडचण येत नाही. कादंबरीवर टिपण करणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र पंचाईत होते.

शब्दशोधाची सोय अभ्यासकास मोहात पाडणारी आहे. तिच्यावर विसंबणे धोक्याचे. 'मऱ्हाटी' या शब्दातील अर्धा र संगणकीय लेखनात दोन प्रकारे नोंदता येतो. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्रास ती भिन्न वाटू शकतात. शिवाय 'मऱ्हाठी' असा पाठ असल्यास शोध रिकाम्या हाताने परततो. शब्द ग्रंथात नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे म्हणजे शुद्ध फसगत होय.

२०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन उघडले. तथापि तेथील पुस्तक विकत घेणाऱ्यास बहुधा मिळतो तो वाचनाचा परवाना, प्रत नव्हे. जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या काही विकलेल्या प्रती, हक्कांच्या वादामुळे, विक्रेत्याने ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले, ते उपलब्ध प्रती ताडून. हातोहात उतरताना त्या प्रतींत अपपाठ शिरले हे खरे. पण एक बिघडली तरी दुसरी कोणाच्या तरी फडताळात शाबूत होती. कुलूपबंद संचिकेची नक्कल वाचकास करता येत नाही, आणि तिचा पाठ बदलला गेल्यास ताडून पाहावयास जुनी प्रत त्याच्या घरी नसते.