आतड्यातली मोकळी जागा

निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात वसवण्याच्या उपचाराला विष्ठा-प्रत्यारोपण म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडले जाते. पण निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या गोठ्यांना त्यामागची कल्पना परकी वाटू नये. गाय रवंथ करेनाशी झाली, की धडधाकट जनावराच्या कोठीपोटातला रस तिला पाजणे ही पशुवैद्यकातली जुनी पद्धत आहे.

माणसाच्या मोठ्या आतड्यातही जंतूंची दाट वस्ती असते. प्रतिजैविकांचे कोर्स एकामागून एक झाले की ती विरळ होते आणि मोकळ्या जागेत औषधांना न जुमानणारे जंतू ठाण मांडतात. एरवी ज्याच्या आतड्यात ते असतात त्या वाहकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. शस्त्रक्रिया, लघवीची नळी किंवा केमोथेरपीच्या निमित्ताने ते रक्तात किंवा मूत्रमार्गात शिरले, की मात्र हाताशी फारशी औषधे उरत नाहीत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेम या राखीव औषधांना दाद न देणारे २४ जंतू तपासले, तेव्हा २२ मध्ये या औषधांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे जनुक सापडले. २०१० साली प्रसिद्ध झालेली ही नोंद. हे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जाते, त्यामुळे एकाच जंतूवर नेम धरून भागत नाही.

आतड्यातली मोकळी जागा निरोगी जंतूंनी भरून काढणे हा प्रत्यारोपणाचा हेतू. त्यासाठी दात्याची विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात आणि दुर्बिणीतून, नाकातल्या नळीने किंवा कॅप्सूलमधून देतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या, वारंवार उलटणाऱ्या जुलाबांवर हा उपाय नामी ठरला: २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. प्रतिरोधी जंतूंच्या वाहकांबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोप व इस्रायलमधील ३९ वाहकांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांपैकी ४१ टक्के जंतुमुक्त झाले; न घेतलेल्यांपैकीही २९ टक्के झालेच. एवढ्या लहान संख्येवर हा फरक सिद्ध धरता येत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत उलटाच प्रकार घडला. एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांच्या शरीरात प्रतिरोधी ई. कोलाय गेला आणि त्यांतला एक दगावला. त्या विष्ठेची या जंतूसाठी चाचणीच झाली नव्हती.

खरी मेख दात्यापाशी आहे. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके मिळतात तिथे ठणठणीत माणूसही वाहक निघू शकतो. रुग्णाचेही तसेच: निपाणीचा रुग्ण कधी कोल्हापूर, कधी मिरज, तर कधी बेळगाव गाठतो. जुने कागद घरी राहतात, जंतू मात्र सोबत येतात. बाहेरून दाता आणावा, तर आहाराप्रमाणे वस्तीही बदलते: भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फेरा हे जंतू अधिक असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले आहे.