कापसाच्या पट्टीतला आयकर

आयकराच्या पेपरात घरभाडे भत्त्याचे गणित हमखास येते. श्री. 'अ' नावाचा कुणी नोकरदार मुंबईत राहतो. त्याचा मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि प्रत्यक्ष भरलेले भाडे एवढे दिलेले असते. मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा केलेली रक्कम आणि पगाराचे 50 टक्के, या तिन्हींत जी सर्वांत लहान ती करमुक्त. 1961 च्या आयकर कायद्याखाली हे 50 टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईसाठी होते. बाकी सगळ्या देशाला 40. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या झरी जामणी तालुक्यातून एसटीने वणीला किंवा पांढरकवड्याला कॉलेज गाठणारा बी.कॉम.चा विद्यार्थी हे गणित बिनचूक सोडवू शकतो आणि गुणही मिळवतो. पण त्याच्या घरात कुणाला घरभाडे भत्ता मिळत नसतो आणि बहुधा शेजारच्या दहा घरांतही नसतो. त्याच्या घरात असते ती कापसाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती), उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी आणि कोळशासाठी किंवा सिमेंटच्या कारखान्यासाठी जमीन गेली असेल तर मोबदल्याचे बँकेतले पैसे. या तिन्हींवर कर कायद्याने भरपूर लिहून ठेवले आहे. ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि म्हणून जो विषय त्याला सर्वांत जवळचा वाटायला हवा तोच सर्वांत परका वाटतो. आयकर अवघड आहे ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. उदाहरणे दुसऱ्याच्या घरातली आहेत, हे तिचे मोठे कारण आहे.

विद्यार्थ्याला हा विषय कसा भेटतो ते पाहा. शिकायला मराठी, पण कायदा इंग्रजी. 'गत वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' या दोन शब्दांपाशीच पहिली गाडी अडते. पैसे ज्या वर्षी मिळाले ते एक वर्ष, कर ज्या वर्षी ठरवला ते दुसरे. पण गत वर्ष म्हणजे नेमके कोणते, या घोळात पहिले काही आठवडे जातात. त्यानंतर पाच शीर्षके येतात: पगार, घर-मालमत्ता, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर मार्ग. प्रत्येकाचा एक ठरलेला तक्ता. तक्ता पाठ असला की रकमा आपोआप जागेवर बसतात, आणि उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. परीक्षेच्या दृष्टीने ही चांगलीच सोय आहे, पण तिच्यामुळे हा विषय कायद्याचा आहे हेच विसरायला होते. अमुक रक्कम करपात्र का आणि तमुक का नाही, हा प्रश्न तक्ता विचारतच नाही. आता तर तक्तेही बदलणार. 1961 च्या आयकर कायद्याच्या जागी आलेल्या 2025 च्या कायद्याला 21 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि 1 एप्रिल 2026 ही त्याच्या अंमलाची तारीख. 819 कलमांची 536 झाली, सुमारे 5 लाख 12 हजार शब्दांचा मजकूर 2 लाख 60 हजारांवर आला, आणि ती दोन छळवादी वर्षे जाऊन एकच 'कर वर्ष' उरले. 80-सी सारखे क्रमांक ज्याने घोकले त्याच्या हाती आता काही उरत नाही. कलमामागचे कारण ज्याला कळले, त्याला फक्त नवा क्रमांक शोधायचा आहे. (पुढे दिलेले क्रमांक 1961 च्या कायद्याचे आहेत, कारण आजवरच्या पाठ्यपुस्तकांत तेच सापडतात.)

कारण कळण्यासाठी कापसाची एक पट्टी पुरते. समजा, शेतकऱ्याने वणीच्या जिनिंगला दहा क्विंटल कापूस 7,500 रुपये भावाने घातला. चुकारा झाला 75,000 रुपये. कच्च्या कापसावर 5 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 3,750 रुपये. तो कुणी भरायचा? 15 नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने तो स्वतः सरकारला भरायचा आहे. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. पट्टीत जीएसटीच्या नावाने शेतकऱ्याच्या पैशातून काही कापले गेले, तर ते का कापले हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आता जिनिंगवाल्याच्या बाजूने पाहा. धंद्यात एका दिवसात एका माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, असे कलम 40-ए(3) सांगते. पण नियम 6-डीडी सवलत देतो: शेतमाल किंवा वनोपज पिकवणाऱ्यालाच थेट पैसे दिले असतील तर रोख चालते. तोच कापूस खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याकडून रोखीने घेतला तर ही सवलत नाही, आणि शेतकऱ्याच्या मालासाठी असलेला रिव्हर्स चार्जही लागू नाही. एक गाडी कापूस आणि विकणारा बदलला की दोन कायद्यांतली उत्तरे बदलतात. आणखी एक पेच असा, की शेत मक्त्याने दिलेल्या मालकाला मिळणारा मक्ता आयकरात शेती उत्पन्नच आहे. जीएसटीच्या व्याख्येत मात्र स्वतः, घरच्यांकरवी किंवा देखरेखीखालच्या मजुरांकरवी शेत करतो तोच शेतकरी. कापूस वेचून, गाडी भरून, काट्यावर उभे राहून वाढलेल्या मुलाला हा फरक फळ्यावर पाच मिनिटांत पटेल. श्री. 'अ'च्या भत्त्याला तेवढ्याच समजुतीसाठी पाच तास लागतात.

तेंदूपत्त्याचे उदाहरण तर मला याहून मोलाचे वाटते, कारण ते थेट मुळाशी नेते. शेती उत्पन्न करमुक्त, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शेती उत्पन्न म्हणजे काय? राजा बिनयकुमार सहस रॉय यांच्या जंगलाच्या उत्पन्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये निकाली काढला. जमिनीवर नांगरट, पेरणी, लागवड अशी मूळ मशागत झाली असेल तरच ते उत्पन्न शेतीचे. नुसती राखण, तोडणी किंवा वेचणी केल्याने ते शेतीचे होत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. आता झरी जामणीतल्या विद्यार्थ्याला विचारा: वावरातला कापूस शेती उत्पन्न आहे, मग जंगलातले तेंदूचे पान आहे का? मोहाचे फूल आहे का? ते कुणी पेरले नाही, म्हणून नाही. पुढचा प्रश्न असा, की मग मजुराला कर लागेल का? त्याची वर्षभराची मिळकत करमुक्त मर्यादेच्या फार खाली असते, म्हणून लागणार नाही. उत्तर शेवटी 'कर नाही' असेच येते, पण कापसाला कायद्याच्या व्याख्येमुळे नाही आणि पानाला रक्कम लहान असल्यामुळे नाही. ही दोन कारणे वेगळी काढता येणे म्हणजेच हा विषय येणे. पान लिलावात घेणाऱ्या ठेकेदाराकडून कलम 206-सी खाली कर आधीच गोळा होतो, हा त्याच झाडाचा तिसरा धडा. आणि चौथा धडा एका पक्क्या गैरसमजाचा आहे. आदिवासींना आयकर नाही, असे या भागात कुणी म्हणाले तर ते खरे धरले जाण्याचा धोका आहे. कलम 10(26) ची माफी ईशान्येतल्या ठरावीक राज्यांतल्या व भागांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींच्या तिथेच मिळालेल्या उत्पन्नाला आहे. यवतमाळच्या कोलाम, गोंड किंवा परधान कुटुंबातल्या शिक्षकाला, तलाठ्याला, पोलिसाला ती नाही. ज्या वर्गात याच समाजांची मुले बसतात तिथे हे एक वाक्य सांगणे अगत्याचे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला येतो: या तालुक्यात कर भरतोच कोण? शेती उत्पन्नाला आयकर नाही आणि नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत करसवलत आहे. मग इथल्या उदाहरणांचा अट्टहास कशाला? कर भरणे आणि कराच्या कायद्याशी संबंध येणे या निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच या आक्षेपाच्या लक्षात येत नाही. जमीन गेलेल्या घराचे पाहा. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटर हवाई अंतरापलीकडची शेतजमीन ग्रामीण धरली जाते आणि ती भांडवली मालमत्ता ठरत नाही. म्हणजे खेड्यातली जमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. वणी शहराला लागून असलेल्या वावराचे उत्तर निराळे येईल. पण त्या पैशांतून समजा 20 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाचे 1 लाख 40 हजार व्याज इतर मार्गांचे उत्पन्न आहे. ते 50,000 च्या वर गेले म्हणून बँक 10 टक्के, म्हणजे 14,000 रुपये कापते. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के, 28,000 रुपये. या माणसाला देय कर शून्य आहे! आपल्याला कर लागत नाही असे बँकेला लिहून देणारा 15-जी फॉर्म वेळेवर दिला असता तर एक रुपयाही कापला गेला नसता, आणि पॅन देऊनही कापला गेलाच असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. हे कुणी सांगितले नाही तर ती रक्कम सरकारजमा राहते. कर न लागणाऱ्या माणसालाच कर कापला जाण्याची सर्वांत मोठी झळ बसते, कारण त्याला विवरणपत्राची सवय नसते. आणि शेतकऱ्याला कायदा शिवतच नाही असेही नाही: एका दिवसात एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कलम 269-एसटीने 2017 पासून मनाई केली आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम अमरावतीला ठरतो, पाच जिल्ह्यांसाठी एकच असतो, प्रश्नपत्रिका एकच असते. आणि वणीचा मुलगा उद्या पुण्यात नोकरीला गेला तर त्याला घरभाडे भत्ताच लागणार आहे. हे मला मान्य आहे. भत्त्याचे गणित काढून टाका असे माझे म्हणणे नाही, त्याच्या आधी काय यावे याबद्दल आहे. व्याख्या, सूट, मर्यादा, उगमस्थानी कपात या चार कल्पना ओळखीच्या कागदावर पक्क्या झाल्या की भत्ता हे त्यांचेच एक उपयोजन ठरते. शिवाय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे जिल्हे कापसाचेच आहेत; पट्टीचे उदाहरण अकोल्याला, वाशिमला, बुलढाण्यालाही तितकेच जवळचे. सॉफ्टवेअर सगळे करते, हे म्हणणे मात्र मी मानत नाही. पोर्टल बेरीज करते, पण तेंदूपत्त्याची मजुरी शेतीच्या रकान्यात टाकायची की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. चुकीच्या रकान्याची बेरीजही बरोबरच येते.

चुकीच्या रकान्यांचे काय होते याचा दाखला ताजा आहे. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभरात तपासणी मोहीम उघडली ती खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर. कमिशन घेऊन विवरणपत्रे भरून देणारे हे लोक होते, आणि त्यांच्या जाळ्यात पगारदार माणसे सापडली होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने सांगितले. नोटीस येते ती करदात्याच्या नावाने. गावाजवळ विश्वासाचा, हिशोब समजणारा माणूस असणे किती गरजेचे आहे हे यावरून दिसते, आणि तो माणूस कॉलेजातून घडू शकतो. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत विवरणपत्र भरून देण्याचा उपक्रम 1969 पासून चालतो, आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या नॉर्थरिजमधल्या विद्यार्थ्यांचा त्याच्या वाढीत मोठा हात आहे. ऑस्ट्रेलियात कर्टिन विद्यापीठाने 2018 मध्ये विद्यार्थ्यांचे कर-मदत केंद्र काढले आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती कल्पना इतर विद्यापीठांत नेली. आपल्याकडेही 2006 मध्ये पदवीधरांना प्रशिक्षण देऊन विवरणपत्रे भरून द्यायला तयार करणारी योजना केंद्राने आणली होती. कोवळ्या मुलांच्या हाती लोकांचे पैशाचे कागद द्यायचे का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत त्यासाठी स्वयंसेवकाला आधी परीक्षा द्यावी लागते आणि भरलेले प्रत्येक विवरणपत्र दुसरा माणूस तपासतो. वणीतही प्राध्यापकाने शेवटची नजर टाकल्याशिवाय काही पाठवायचे नाही, आणि धंद्याची गुंतागुंतीची विवरणपत्रे सीएकडेच जाऊ द्यायची, एवढी शिस्त पाळता येईल.

यासाठी अभ्यासक्रमात जागाही आयती आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण सुरू झाले आणि त्यात क्षेत्रीय प्रकल्पाला व प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. त्या वर्षी बी.कॉम.ला बसलेली तुकडी तिसऱ्या वर्षाला 2026-27 मध्ये पोचते, म्हणजे नव्या कायद्याच्या पहिल्याच कर वर्षात. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आसपास कापूस घरात येतो आणि हिवाळाभर काट्यांवर रांगा असतात. त्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या किंवा शेजारच्या पाच पट्ट्या वहीत उतरवाव्यात: माल कुणी पिकवला, कुणी विकला, पैसे रोख की खात्यात, जीएसटी कुणी भरला, शेतकऱ्याच्या पैशातून काय कापले आणि का. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, तीच वही न्यावी. आणि जून-जुलैत, विवरणपत्रांच्या हंगामात, गावातल्या ज्यांच्या ठेवीवर कर कापला गेला आहे त्यांच्यासोबत बसून पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण उघडावे आणि कापलेली रक्कम त्यांना बोट ठेवून दाखवावी.