चालत्या सर्व्हरला हात का लावायचा?

गिरणीतले यंत्र जुने झाले की खडखडू लागते. सर्व्हर मात्र मुकाट्याने जुना होतो. त्यामुळे लिनक्स अद्ययावत करण्याचा विषय निघाला, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चालतोय ना? मग हात कशाला लावायचा?’

या प्रश्नामागे अनुभव आहे, हे मान्य करायला हवे. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत आधार मिळेल, असे सांगण्यात आले होते. डिसेंबर २०२०मध्ये तो शब्द फिरवला गेला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ती आवृत्ती संपली. ज्यांनी तत्परतेने बदल केला तेच आधी उघडे पडले. सेंटओएस ७वर बसून राहिलेल्यांना ३० जून २०२४पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या!

पण आता तीही मुदत उलटली आहे. नेहमीची भांडारे बंद होऊन सारी पॅकेजेस जुन्या संग्रहात गेली आहेत. ‘यम’ ही आज्ञा (नावातून कुणी भलता अर्थ काढू नये) दिली, तरी मूळ मांडणीत तिला काही सापडत नाही.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हा पुढचा प्रश्न. हल्लेखोर दुकान पाहून येत नाहीत. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरतात. २०१४मध्ये उघड झालेली ‘शेलशॉक’ ही बॅशमधील खोट १९८९पासून तिथे होती. पंचवीस वर्षे सारे ‘चालतच’ होते. शिवाय हात न लावताही सर्व्हर बिघडतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अद्ययावत न केलेल्या असंख्य यंत्रांचा इतर सेवांशी संपर्क तुटला.

खरी मेहनत असते ती अॅप्लिकेशनची. सेंटओएस ७सोबत पीएचपी ५.४ येते. त्या काळच्या प्रोग्रामांत डेटाबेसशी बोलण्यासाठी वापरलेली जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शन्स पीएचपी ७मधून २०१५ सालीच काढून टाकण्यात आली. म्हणजे प्रणाली बदलली, की बिले छापणारे पान कोरे दिसणार. मालकाला हे आधीच सांगावे. नंतर सांगितले तर तो बहाणा ठरतो.

म्हणून चालत्या यंत्रावर प्रयोग करू नये. प्रथम बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावा. न उतरवलेला बॅकअप ही केवळ समजूत असते. शेजारी नवा सर्व्हर उभारावा; अल्मालिनक्स ९ला २०३२पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारकुनाकडूनच त्यावर बिले काढून घ्यावीत, कारण मालकाला ठाऊक नसलेल्या वाटा त्याला माहीत असतात. बदलाच्या रात्री जुन्यावरील नोंदी आधी थांबवाव्यात, मग शेवटची प्रत न्यावी. नाहीतर निम्म्या ऑर्डरी इकडे आणि निम्म्या तिकडे, असा घोळ होतो.

जुने यंत्र बंद करावे, पण लगेच पुसू नये. मार्चअखेरीस हिशेबनिसाला एखादा विसरलेला अहवाल नेमका तिथूनच हवा असतो.