तीस हजार किलोमीटर कापड आणि महिन्याभराचा हिरा

सुरतेत रोज किमान ३ कोटी मीटर कापड विणलं जातं, असा तिथल्या उद्योजकांचा हिशोब आहे. ३ कोटी मीटर म्हणजे ३०,००० किलोमीटर. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. सुरतेचे माग दीड दिवस चालले की या घेराला एक वेढा बसून वर कापड उरतं. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. तेराव्या दिवशी कापडाचं टोक तिथे टेकेल. आणि हे काम वर्षानुवर्षं, दिवसपाळी-रातपाळीत चाललेलं आहे.

या मागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत खानदेशी माणसं मोठ्या संख्येने आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी सहज कानावर पडते आणि सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांची चूल सुरतेच्या पगारावर पेटते. म्हणून सुरतेचं पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

दशांश चिन्हापुढचे दोन आकडे

डिसेंबर २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स या संस्थेने २०१९ ते २०३५ या काळात जगातली कुठली शहरं सर्वांत वेगाने वाढतील याचा अंदाज मांडला. पहिली दहाही शहरं भारतातली होती आणि पहिलं नाव सुरतेचं. सरासरी वार्षिक वाढ ९.१७ टक्के. हा दर चक्रवाढीने १६ वर्षं टिकला तर अर्थव्यवस्था चौपट होते.

९.१७. नऊ नव्हे, सव्वानऊही नव्हे. दशांश चिन्हापुढचे दोन आकडे वाचले की भविष्य कुणी फूटपट्टी लावून मोजलंय असं वाटू लागतं. पण तेव्हा कोविड हे नावदेखील जन्मलं नव्हतं. २०२० ची टाळेबंदी, २०२२ चं युक्रेन युद्ध, २०२५ चं अमेरिकी आयातशुल्क हे सगळं पुढच्या सात वर्षांत ओळीने आलं. आकडा नेमका असला म्हणजे तो खात्रीचा असतो असं नाही.

सुरतेचा इतिहासही हेच सांगतो. मुघल काळात पश्चिम किनाऱ्यावरचं हे सर्वांत श्रीमंत बंदर होतं. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं आणि पुढे व्यापारही तिकडे सरकला. १९०१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या उरली होती १,१९,३०६. त्या साली कुणी सुरतेचं भविष्य वर्तवलं असतं तर ते ओसाडीचंच असतं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ४४.६ लाख माणसं होती. ११० वर्षांत ३७ पट!

एकावर बावीस शून्यं

आता हिऱ्याकडे वळू. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ सुरतेतून जातात. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. एक सेंटचा हिरा २ मिलिग्रॅमचा असतो. दीड मिलिमीटरहूनही कमी रुंदीच्या त्या कणावर सुरतेचे रत्नकलाकार घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर, बसून ५७ पैलू पाडतात. असे शंभर हिरे मिळून वजन भरतं एक कॅरेट, आणि पैलू होतात ५,७००. मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर.

एका कॅरेटच्या हिऱ्यात कार्बनचे अणू किती? एकावर बावीस शून्यं. जगातली ८०० कोटी माणसं झोप-जेवण सोडून सेकंदाला एक या गतीने ते मोजायला बसली, तरी मोजणी संपायला सुमारे ४०,००० वर्षं लागतील.

खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर तयार झालेला असतो आणि त्याचं वय साधारण १०० कोटी ते ३५० कोटी वर्षं असतं. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा बनवला. आज सुरतेतल्या यंत्रांत मिथेनसारख्या वायूतून कार्बनचे थर चढवत साधारण तीन-चार आठवड्यांत कच्चा हिरा वाढवतात. एकाचं वय १०० कोटी वर्षं, दुसऱ्याचं एक महिना. फरक १,२०० कोटी पटींचा. तरी अणू तेच आणि रचनाही तीच. भिंग लावून पाहणाऱ्या जाणकारालाही फरक कळत नाही, त्यासाठी यंत्रच लागतं.

जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना ७.५ कॅरेटचा हिरा भेट दिला, तो सुरतेत वाढवलेला होता. खाणीच्या हिऱ्यावर पोट भरणाऱ्या शहराने त्याचा प्रतिस्पर्धीही स्वतःच मोठा केला. भावाचं काय झालं? डी बिअर्स या बड्या कंपनीने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने प्रयोगशाळेतले हिरे विकायला काढले, कॅरेटला ८०० डॉलर दराने. मे २०२५ मध्ये तिने हा उद्योग गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि दागिन्यांसाठीच्या अशा हिऱ्यांचे घाऊक भाव ९० टक्क्यांनी घसरल्याचं कारण दिलं. महिन्याभरात हवा तेवढा पिकणारा माल महाग राहत नाही, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.

याच काळात शहराच्या टोकाला खजोदमध्ये सुरत डायमंड बोर्स ही हिरे-व्यापाराची इमारत उभी राहिली. १५ मजल्यांचे नऊ मनोरे, साडेचार हजारांहून अधिक कार्यालयं, सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम. जगातली सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत हा अमेरिकेच्या पेंटागॉनचा आठ दशकांचा मान तिने हिसकावला. १७ डिसेंबर २०२३ ला उद्घाटन झालं. पण भारताची पैलूदार हिऱ्यांची निर्यात, जी २०२१-२२ मध्ये सुमारे २४.४ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये सुमारे १३.३ अब्जांवर आली. रोजचा फरक काढला तर ३ कोटी डॉलर. इमारत पायाभरणीच्या वेळच्या बाजाराकडे बघून बांधली होती, आणि दारं उघडेपर्यंत बाजार बदलला होता.

धक्के चहूबाजूंनी आले. जगाच्या कच्च्या हिऱ्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा रशियाचा. युक्रेन युद्धापायी या रशियन हिऱ्यावर जी-७ देशांनी जानेवारी २०२४ पासून बंदी घातली आणि मार्चपासून तो हिरा तिसऱ्या देशात पैलू पाडून आला तरी नाकारायला सुरुवात केली. चीनची मागणी आटली. २७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू केलं. युक्रेनच्या सीमेवर रणगाडा हलतो आणि सुरतेच्या वराछा भागात एक घंटी थांबते.

चोवीस सेकंदांचं पाणी

बाजाराच्या आधी सुरतेला नदीनेही धक्का दिला होता. ऑगस्ट २००६ मध्ये शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या उकाई धरणातून तापीत सोडलेला विसर्ग ९ लाख क्युसेकपर्यंत गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे दर सेकंदाला अडीच कोटी लिटर पाणी. माणशी रोज १३५ लिटर हे आपलं शहरी प्रमाण धरलं, तर ४४.६ लाख सुरतकरांना दिवसभर पुरेल इतकं पाणी धरणाच्या दारांतून २४ सेकंदांत बाहेर पडत होतं. शहराचा बहुतांश भाग बुडाला.

तापीचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातलं ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे ७९ टक्के, महाराष्ट्रात येतं. सुरतेत पूर आणणारा पाऊस बराचसा विदर्भ-खानदेशातच पडलेला असतो. हवामान बदलामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत असताना, वरच्या खोऱ्यात पर्जन्यमापक किती आणि त्यांची नोंद किती लवकर उकाईला कळते, यावर खालच्या लाखोंचं नशीब ठरतं. २००६ नंतर सुरतेने पावसाचा अंदाज, धरणातली आवक आणि शहरातली पातळी एकत्र जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी केली ती म्हणूनच.

रोजच्या तयारीचं महत्त्व सुरतेला त्याआधी प्लेगने शिकवलं होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये देशभरातले मृत्यू पन्नासच्या आसपास होते, पण काही दिवसांत लाखो माणसं गाठोडी बांधून सुरतेतून पळाली. आजाराहून भीतीचा गुणाकार मोठा निघाला. मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग पाडले, विभागप्रमुखांना अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं. ‘एसी टू डीसी’, म्हणजे वातानुकूलित दालनातून दैनंदिन कामाकडे, ही त्यांची घोषणा गाजली. १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत सुरत देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये तिने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक घेतला. प्लेगचं भाकीत कुणाला करता आलं नव्हतं. रोज सकाळी कचरा उचलणं मात्र जमलं, आणि तेच कामी आलं.

रत्नकलाकाराचा धडा बाकी

पूर आणि रोगराई यांतून सुरत धडा शिकली. मंदीतून अजून शिकायची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या हिरे कंपनीने ५०,००० कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली. म्हणजे ५ लाख मनुष्यदिवस एका घोषणेत ठप्प. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली. मुलांच्या शाळेच्या फीसाठी वर्षाला जास्तीत जास्त १३,५०० रुपये. मदत आली हे बरंच झालं, पण ती मंदी घरात शिरल्यावर आली.

पुढच्या दहा वर्षांत हिऱ्याचा भाव, मागावरची यंत्रं आणि अमेरिकेचं शुल्क कुठे जाईल हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या दशांश चिन्हांवर घर बांधू नये. सुरतेला आणि सुरतेवर जगणाऱ्या खानदेशाला हवी आहेत तीन साधी कामं: नगावर राबणाऱ्या प्रत्येक माणसाची कामगार म्हणून नोंद, काम थांबेल त्या महिन्यापासून सुरू होणारा भत्ता, आणि नवं यंत्र कारखान्यात येण्याआधी त्याचं प्रशिक्षण. शहर बुडवणाऱ्या पाण्याचा हिशोब ज्यांना मांडता आला, त्यांना हा हिशोब अवघड नाही.