टायर कोण खातो?

मानवत-पाथरी रस्त्यावरच्या बसचा टायर अकाली झिजला की ठपका चालकावर: ‘ब्रेक फार मारतो.’ श्रोतेहो, आम्ही कामगार आधी टायरच वाचतो. एकच कड खाल्ली असेल, तर किंगपिन ढिला किंवा एक्सल वाकलेला. नक्षी करवतीच्या दात्यांसारखी हाताला लागली, तर पुढच्या चाकांची तोंडे जुळत नाहीत. चाक अवघा १ अंश तिरके असले, तरी किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर आडवे घासते! जागोजाग खळगे पडले, तर बहुधा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर गेला. आणि पाट्यांचा मधला बोल्ट तुटून मागचा एक्सल सरकला, तर चालकाने स्टिअरिंग कितीही सांभाळो, चाके वाकडीच ओढली जाणार. पगारातून दंड कापण्यापूर्वी तो टायर आणि पाट्यांची मापे चौकशीच्या टेबलावर ठेवा, एवढेच आम्ही मागतो.